उताराची जमीन आणि अम्मींची खोली

कोकणात घरासाठी सपाट जमीन मिळणं आता कठीण झालं आहे. खाडीकाठची सपाटी भातशेतीत आहे किंवा पुराच्या पाण्यात जाणारी आहे. गावठाणातल्या जुन्या घराच्या सातबाऱ्यावर चौदा नावं असतात आणि त्यातली निम्मी मुंबईत. वर सड्यावर जागा भरपूर, पण एप्रिल-मेमध्ये घागरभर पाण्यासाठी फिरावं लागतं. मग उरतो तो मधला उतार. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडची बहुतेक नवी घरं याच उतारावर उभी राहिली. त्यातली पुष्कळशी उतारावर आहेत हे विसरून बांधलेली आहेत.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घराचं काम गेलं वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर चाललं आहे. तिच्या परवानगीने त्याबद्दल लिहिते. नवरा कुवेतला, घरी सासू, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. रस्त्याला लागून जागा घेतली. रस्त्याच्या बाजूने पन्नास फूट, आत सत्तर फूट. रस्ता वर आणि जमीन पश्चिमेकडे खाली उतरत गेलेली. खालच्या हद्दीपलीकडे एका म्हाताऱ्या जोडप्याचं कौलारू घर आणि त्यांची विहीर.

जागा घेतली मे महिन्यात. आपल्याकडे हे असंच होतं. आखातातला माणूस सुट्टीवर येतो तो मुलांच्या शाळेच्या सुट्टीत किंवा ईदला, आणि त्याला जमीन दिसते ती कोरडी ठणठणीत. जुलैमध्ये त्याच जमिनीतून पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुणाच्या दारात जातं, हे त्याने पाहिलेलंच नसतं. उताराची जागा घ्यायची असेल तर इसारा देण्याआधी भर पावसात एकदा तिथे छत्री घेऊन अर्धा तास उभं राहावं, असं मी सगळ्यांना सांगते. घरातला पुरुष इथे नसेल तर बाईने जावं आणि मोबाइलवर चित्रण करून पाठवावं.

हिने ते केलं, पण खरेदीनंतर. रस्त्यावरचं पाणी सरळ जागेत उतरत होतं आणि मधोमध पन्हळ करून खालच्या विहिरीच्या बाजूने निघून जात होतं.

तोवर कुवेतहून नकाशा आला होता. दोन मजली बंगला, पुढे गाडीसाठी पोर्च, सगळं एका पातळीवर. नकाशा चांगला होता, फक्त सपाट जमिनीसाठी काढलेला होता. ठेकेदार म्हणाला, "भाभी, काही अडचण नाही. खाली भिंत घालू, भराव टाकू आणि सगळी जागा रस्त्याच्या लेव्हलला आणू. मग पाहिजे तो प्लॅन बसवा."

ती नकाशा घेऊन माझ्याकडे आली. मी इंजिनीअर नाही. पण नववीला त्रिकोण शिकवते, आणि उतार म्हणजे त्रिकोणच. तिला म्हटलं, आधी उतार किती आहे ते मोज. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून घेतली, मायलेकींनी दोन टोकं धरली. नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला राहतं, त्यावरून दर दहा फुटांना जमीन किती खाली गेली ते मांडत गेल्या. सत्तर फुटांत दहा फूट. म्हणजे सातास एक. हा बांधता येण्यासारखा उतार आहे. पाचास एक किंवा त्याहून तीव्र उतार असेल तर बांधकाम परवानगीतच अडचण येते, तेव्हा जागा घेण्यापूर्वी हे प्रमाण काढून बघा. नळीला फार पैसे पडत नाहीत.

आता ठेकेदाराच्या भरावाचा हिशेब. सत्तर फूट पाया आणि दहा फूट उंचीचा त्रिकोण, रुंदी पन्नास फूट. सत्तर गुणिले दहा, त्याचं निम्मं साडेतीनशे, गुणिले पन्नास म्हणजे १७,५०० घनफूट. ब्रासमध्ये १७५. डंपरमध्ये अडीच-तीन ब्रास माती धरली तरी साठ-सत्तर फेऱ्या. मुलीने हे वहीवर मांडलं आणि वडिलांना त्याचा फोटो पाठवला. तिकडून बराच वेळ उत्तर आलं नाही म्हणे.

खर्च एक वेळ सोडून देऊ. खरी भीती खालच्या भिंतीची. दहा फूट उंच भिंतीमागे माती भरली की पावसाळ्यात त्या मातीत पाणी भरतं. पाण्याला बाहेर पडायला वाट नसेल, तर भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला नुसत्या पाण्याचाच रेटा तीन टनांच्या आसपास जातो. मातीचा रेटा वेगळा. म्हणून अशा भिंतीत खालपासून वरपर्यंत ओळीने छिद्रं ठेवतात, पाइपाचे तुकडे बसवतात, मागे दगडगोट्यांचा थर भरतात, म्हणजे माती अडते आणि पाणी वाहून जातं. भिंतीचा पायाही उंचीच्या निम्म्याइतका तरी रुंद लागतो. आपल्याकडे दीड फुटाची चिऱ्याची भिंत सरळ वर नेतात आणि छिद्रं "वाईट दिसतात" म्हणून गिलाव्याने बुजवतात. तिसऱ्या-चौथ्या पावसात तिला पोट येतं. भिंत पोट काढते म्हणजे ती पडायला निघाली आहे, एवढं ओळखावं. आणि ही भिंत पडली असती ती त्या म्हाताऱ्या जोडप्याच्या स्वयंपाकघरावर.

शेजाऱ्याचा हक्क यावर आपण मजलिशीत पुष्कळ ऐकतो. उतारावर तो हक्क मोजपट्टीने मोजता येतो. आपली माती, आपलं सांडपाणी आणि आपल्या छपराचं पाणी खालच्याच्या दारात जातं की नाही, एवढाच प्रश्न असतो.

ठेकेदाराने मग दुसरा मार्ग सांगितला. जेसीबी लावून वरचा भाग उभा कापायचा आणि अर्धी माती खाली ढकलायची. हा सगळीकडे दिसणारा प्रकार. यात घराचा मागचा अर्धा भाग कापलेल्या घट्ट जमिनीवर येतो आणि पुढचा अर्धा ढकललेल्या सैल मातीवर. सैल माती दबत जाते, घट्ट जमीन दबत नाही. दोन्हीच्या सांध्यावर बरोबर घराच्या मध्यातून तडा जातो, आणि मग आपण सिमेंटला आणि गवंड्याला दोष देत बसतो. शिवाय आपल्या भागात वरचा जांभा कितीही कडक दिसला तरी त्याखाली पुष्कळ ठिकाणी पांढरट, गुलाबीसर चिकण मातीचा थर असतो. ती पाण्याने लोण्यासारखी होते. उभा काप त्या थरापर्यंत गेला आणि उघडा राहिला, तर वरचा कडक दगडही त्याच्याबरोबर खाली येऊ शकतो. इथे तर वर रस्ता होता.

२००५ च्या जुलैत महाड तालुक्यातल्या दासगाव आणि जुई इथे काय झालं, २०२१ च्या २२ जुलैला तळियेत काय झालं, हे कोकणातल्या घराला सांगावं लागत नाही. त्या दरडी कुणी घरासाठी जमीन कापली म्हणून आल्या, असं मला म्हणायचं नाही. तिथे अख्खा डोंगर पाण्याने भरला होता. पण डोंगर आणि पाणी यांचं नातं आपल्या पन्नास बाय सत्तरच्या तुकड्यातही तेच असतं. वरच्या बाजूला जमिनीला नवी भेग दिसली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर बांधकामाचा विचार बाजूला ठेवून आधी तलाठ्याला आणि ग्रामपंचायतीला कळवावं.

भराव नाही, उभा कापही नाही, तर मग काय? आपल्या जुन्या वस्त्या पाहा. दाभोळसारख्या खाडीकाठच्या गावात घरं पायऱ्यांसारखी एकावर एक बसलेली आहेत. घराची लांबी डोंगराला समांतर, रुंदी कमी, मागचं जोतं बुटकं, पुढचं उंच. उरलेल्या उतारावर दोन-तीन फुटांचे सुक्या दगडाचे गडगे. सुक्या दगडात सिमेंट नसतं, त्यामुळे पाणी आपोआप झिरपून जातं, छिद्रं ठेवावी लागत नाहीत.

लॉरी बेकर नावाचे इंग्लंडात जन्मलेले स्थापत्यकार भारतात आयुष्यभर हेच सांगत राहिले. हिमालयात पिठोरागडच्या डोंगरात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, पुढे केरळात गेले. तिरुवनंतपुरमला स्वतःचं घर त्यांनी खडकाळ चढावरच बांधलं आणि जमीन होती तशी ठेवून खोल्या तिच्यावर बसवल्या. २००७ मध्ये ते वारले. कमी खर्चाच्या घरांविषयी त्यांच्या चित्रांच्या पुस्तिका आहेत, त्यात उतारावर घर आडवं ठेवा, उभं ठेवू नका, हे साध्या रेषांनी दाखवलेलं आहे. केरळातही जांभा आणि धो धो पाऊस, म्हणून त्यांचं म्हणणं आपल्याला जवळचं वाटतं.

आडवं आणि उभं यात फरक किती, तेही मोजून पाहू. आपल्या सातास एक उतारावर चाळीस फूट लांब घर उताराच्या दिशेने उभं ठेवलं, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमीन पावणेसहा फूट उतरते. तेच घर आडवं करून उताराच्या दिशेने फक्त सव्वीस फूट ठेवलं, तर पावणेचार फूट. दोन फुटांचं जोतं वाचलं, तेही चाळीस फूट लांबीचं.

तालुक्याच्या ठिकाणच्या एका तरुण स्थापत्यकार मुलीने मग नवा आराखडा काढला. हल्ली याला स्प्लिट लेव्हल म्हणतात. घर सव्वीस फुटांत दोन पट्ट्यांत विभागलं. रस्त्याकडचा तेरा फुटांचा पट्टा रस्त्यापेक्षा अर्धा फूट उंच. मागचा तेरा फुटांचा पट्टा त्याच्यापेक्षा पाच फूट खाली, कारण जमीनच तिथे तेवढी खाली गेलेली आहे. त्या खालच्या खोल्यांच्या डोक्यावर आणखी एक पातळी, रस्त्याकडच्या पट्ट्यापेक्षा पाच फूट वर. एका पातळीवरून दुसरीवर जायला सहा इंचांच्या दहाच पायऱ्या. दोन मजल्यांची जागा मिळते आणि कुणालाही एका दमात वीस पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

यावर कुवेतहून पहिला प्रश्न आला तो गाडीचा, आणि दुसरा, "बाहेरून घर बुटकं दिसेल." हे दोन्ही प्रश्न समजण्यासारखे आहेत. बारा वर्षं परमुलखात राबलेल्या माणसाला आपलं घर रस्त्यावरून दिसावं असं वाटणारच. पण व्हिडिओ कॉलवर त्याची आई शेजारीच बसली होती. तिने एवढंच विचारलं, "माझी खोली कुठं?"

पहिल्या नकाशात अम्मींची खोली खाली मागच्या बाजूला होती आणि संडास जिन्याखाली. नव्या आराखड्यात त्या रस्त्याच्या पातळीवर आल्या. अंगणातून खोलीत, खोलीतून वजूच्या जागेवर आणि संडासात, तिथून बैठकीत आणि स्वयंपाकघरात, वाटेत एकही पायरी नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उतारावरच्या घरात हे मिळणं फार मोठी गोष्ट आहे. पुढे चाकाची खुर्ची लागली तरी चालेल. खुर्चीसाठी ढाळ करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. पाच फूट खालच्या खोलीपर्यंत न्यायचं तर साठ फूट. तेवढी जागा कुठून आणणार? म्हणून घरात सगळ्यात सपाट आणि रस्त्याला जवळची जागा कुणाची, हे आधी ठरवायचं आणि मग बाकीचं घर त्याभोवती बसवायचं.

अम्मींनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी कुठल्या आराखड्यात लिहिलेली नसते. "वळणाच्या जिन्यातून माझा जनाजा तिरपा करून काढू नका, सरळ दारातून न्या." सगळे गप्प झाले, मग त्याच हसल्या. मुलगा म्हणाला, "ठीक आहे अम्मी, जसं तुम्ही म्हणता." गाडी आता अंगणातच उभी राहणार आहे, पत्र्याखाली.

आमच्या स्थापत्यकार मुलीला एक गोष्ट मात्र आम्हाला सांगावी लागली. पहिला नकाशा आडवा फिरवला तेव्हा संडासाची बैठक पूर्व-पश्चिम झाली. आपल्याकडून किब्ला जवळजवळ पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. बैठक उत्तर-दक्षिण करून घेतली. कागदावर हे दोन मिनिटांचं काम. फरशी बसल्यावर निघालं असतं तर तोडफोड. घरांचे तयार नकाशे घेणाऱ्यांनी नकाशावर उत्तर कुठे आहे ते आधी पाहावं आणि मग तो आपल्या जागेवर ठेवून पाहावा.

पश्चिमेचं आणखी एक दुखणं. इथे उतार, खाडीचा देखावा, दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा, सगळं पश्चिमेलाच. नकाशात तिकडे जमिनीपासून छतापर्यंत काच होती. ती काढून तिथे सहा फूट रुंद पडवी घेतली, जुन्या घरांसारखी. खिडक्या आतल्या भिंतीला. पावसात झड येते ती पडवीवर, कपडेही तिथेच वाळतात, आणि रमजानमध्ये इफ्तारला पंधरा माणसं बसतील एवढी जागा होते. काच महाग असतेच, शिवाय जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तिच्यावर ताडपत्री बांधावी लागली तर देखावा कसला?

खालच्या पातळीच्या खोल्यांची मागची भिंत वरच्या पट्ट्याच्या मातीला टेकते. अशा भिंतीला आपल्या हवेत ओल येणारच. बाहेरून ओलप्रतिबंधक थर, मागे दगडगोटे आणि तळाशी पाणी काढणारा छिद्रांचा पाइप, हे माती भरण्याआधीच करावं लागतं, नंतर करता येत नाही. तरीही त्या भिंतीला आम्ही जिना, कोठार आणि न्हाणी लावली. कपड्यांचं कपाट किंवा मुलांचे पलंग नाहीत. बुरशी आलेले दुपट्टे आणि खोकणारी मुलं आपण पुष्कळ घरांत पाहिलेली आहेत. वरच्या पट्ट्याच्या जोत्यात जो दोन ते चार फूट भराव येतो, तोही एकदम ओतायचा नाही. वीतभर थर, पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. आणि कॉलमचे पाये त्या भरावातून खाली मूळ घट्ट जमिनीपर्यंत गेलेच पाहिजेत.

पाण्याचा हिशेब मुलीनेच पुन्हा केला. छप्पर साधारण शंभर चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. कोकणात दिवसाला शंभर मिलिमीटर ही काही विशेष गोष्ट नाही, म्हणजे एका दिवसात दहा हजार लिटर. वर्षाचे तीन हजार मिलिमीटर धरले तर तीन लाख लिटर, एका छपराचे. एवढं पाणी पागोळ्यांनी भरावाच्या काठावर पडू देणं म्हणजे आपणच आपला पाया धुणं. म्हणून पन्हळ, खाली पाइप, एक टाकी, आणि टाकी भरली की पाणी बाजूच्या पऱ्यात. रस्त्याचं पाणी अडवायला वरच्या हद्दीला दगडी गटार आणि तेही पऱ्यातच. शेजाऱ्यांच्या विहिरीकडे जाणारी ती मधली पन्हळ आता बंद होईल. शोषखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट दूर पाहिजे, शिवाय उतारावर मैला पाणी खालीच झिरपतं, म्हणून तो विहिरीच्या बाजूला न घेता उत्तरेच्या कोपऱ्यात घेतला. त्याआधी ती स्वतः खाली जाऊन म्हाताऱ्या चाचांना आराखडा दाखवून आली. त्यांनी गटाराची जागा दोन फूट सरकवायला सांगितली, कारण पऱ्याचं जुनं तोंड कुठे होतं ते त्यांनाच माहीत होतं.

खालचे बत्तीस फूट उतार तसेच ठेवले आहेत. दोन गडगे, नारळ, वाळा आणि गवत. वाळ्याची मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात.

काम कुठल्या क्रमाने, हेही ठेकेदाराकडून लिहून घेतलं आहे. वरचं गटार आधी, मग गडगे, मग पाये. जोतं मृगाआधी पूर्ण होऊन माती झाकली गेली पाहिजे. तसं होणार नसेल तर जमिनीला हात न लावता दिवाळीपर्यंत थांबायचं. अर्धवट खोदलेला उतार पावसात उघडा ठेवायचा नाही, ही अट त्यात ठळक आहे. ठेकेदार म्हणाला, अशा अटी कोणी घालत नाही. पण सही केली.

गटाराचं काम मार्चमध्ये झालं. पाये मृगाआधी होणार नाहीत असं दिसल्यावर तिने थांबायचं ठरवलं. भाड्याच्या खोलीत आणखी सहा महिने काढावे लागतील. यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसात ती पुन्हा छत्री घेऊन जाणार आहे, गटारातून पाणी पऱ्यात नीट जातं का ते पाहायला, आणि चित्रण कुवेतला पाठवायला.